७ तारखेला खातं कोरडं: हाऊसकीपिंग कंत्राटात पैसा नेमका कुठे अडकतो आणि कसा सोडवायचा

लक्षण

कंपनी हाऊसकीपिंगची माणसं पुरवते. चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत किंवा हिंजवडीच्या ऑफिसांत कामं चालू आहेत. टॅलीत नफा दिसतो. ग्राहक बुडवणारे नाहीत, उशिरा का होईना पैसे येतात. तरी दर महिन्याच्या ४-५ तारखेपासून फोनाफोनी सुरू होते, ६ तारखेला कुठून तरी उसने आणले जातात आणि ७ला पगार कसाबसा होतो. नवं कंत्राट मिळालं की हायसं वाटायला हवं, पण त्यापुढचे दोन महिने आणखी ओढाताणीचे जातात.

दर महिन्याला हेच होत असेल तर दोष ग्राहकाच्या दानतीत नसतो, तारखांच्या रचनेत असतो. आणि रचना दुरुस्त करता येते. ती लवकर करावी, कारण १३ हजारांच्या पगारावर घर चालवणाऱ्या माणसाचं घरभाडं आणि किराण्याची उधारी त्याच ७ तारखेवर टांगलेली असते.

आधी एका माणसाचं बिल उलगडा

१०० माणसांचं एक कंत्राट धरू. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १४,००० रुपये समजा. तुमच्या झोनचा आणि वर्गवारीचा किमान वेतनाचा आकडा वेगळा असेल तर तो घाला, रीत तीच राहते. त्यावर ५ टक्के घरभाडे भत्ता ७००, म्हणजे ग्रॉस १४,७००. मालकाचा पीएफ प्रशासकीय खर्च आणि विम्यासकट १३ टक्के, १,८२०. ईएसआयसी (कामगार विमा) ३.२५ टक्के, ४७८. बोनस ८.३३ टक्के, १,१६६. रजेचा पगार साधारण ७००. गणवेश आणि साहित्य ४००. कामगार कल्याण निधीचे सहामाही ७५ रुपये महिन्यावर वाटले तर १३. एकूण खर्च १९,२७७. त्यावर ८ टक्के सर्व्हिस चार्ज १,५४२. झाला दर २०,८१९, आणि १८ टक्के जीएसटी ३,७४७.

१०० माणसांचं बिल २०,८१,९०० अधिक जीएसटी ३,७४,७४२, मिळून २४,५६,६४२. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर ग्राहक २ टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापतो, ४१,६३८. खात्यात २४,१५,००४ यायला हवेत. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बाहेर जाणारा पैसा. १४,७०० मधून कामगाराचा पीएफ १,६८०, ईएसआयसी १११ आणि व्यवसाय कर २०० वजा केले की हातात १२,७०९. (महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही, त्यांचा आकडा तेवढा वाढवा.) म्हणजे ७ तारखेला १२.७१ लाख. १५ तारखेला दोन्ही बाजूंचा पीएफ आणि ईएसआयसी ४.०९ लाख. महिनाअखेरीस व्यवसाय कर २० हजार. जीएसटी ३.७५ लाख, २० तारखेला. पण कोणत्या महिन्याच्या २० तारखेला, ते पुढे पाहू.

दिवस मोजू नका, ७ तारखा मोजा

बहुतेक जण ग्राहकाशी दिवसांवर घासाघीस करतात: ६० ऐवजी ४५ द्या, ४५ ऐवजी ४० द्या. पण पगार दिवसांच्या हिशेबाने वाहून जात नाही, तो ठरावीक तारखांना धबाधबा जातो. म्हणून विचारायचा प्रश्न हा: काम केलेला महिना सुरू झाल्यापासून त्याचे पैसे येईपर्यंत मध्ये किती ७ तारखा, किती १५ तारखा आणि किती २० तारखा येतात?

एप्रिलला सुरू झालेलं कंत्राट घ्या. बिल ५ मेला ग्राहकाकडे पोचलं, ४५ दिवसांनी म्हणजे १९ जूनला पैसे आले. तोवर ७ मेचा पगार, १५ मेची चलनं (पीएफ-ईएसआयसीचा भरणा), मेअखेरचा व्यवसाय कर, ७ जूनचा पगार, १५ जूनची चलनं आणि दोन महिन्यांचं साहित्य, सगळं तुमच्या खिशातून गेलेलं असतं. बेरीज ३४.६० लाख. महिन्याला दीड लाख सर्व्हिस चार्ज देणाऱ्या कामात आधी साडेचौतीस लाख घालावे लागतात. माणशी हिशेब ३४,६०० रुपयांचा. नवं कंत्राट आलं की ओढाताण का वाढते, ते इथे दिसतं.

आता तारीख हलवून बघा. पैसे १९ ऐवजी १६ जूनला आले तर या कमाल रकमेत एका रुपयाचाही फरक नाही, कारण १५ तारीख उलटून गेली. १४ जूनला आले तर ४.०९ लाख वाचतात. ६ जूनला आले, म्हणजे फक्त तेरा दिवस आधी, तर अडकलेली रक्कम १७.८० लाखांवर येते, जवळपास निम्मी. उलट बाजूला, एकोणीस दिवस घसरून ८ जुलैला आले तर २० जूनचा जीएसटी आणि ७ जुलैचा पगारही तुमच्याच अंगावर पडतो आणि आकडा ५१ लाखांच्या वर जातो.

म्हणून प्रत्येक ग्राहकापुढे दोन गोष्टी लिहून ठेवा: सध्या किती ७ तारखा ओलांडतो, आणि एक ७ तारीख कमी करायला किती दिवस लागतील. ज्याला तीन-चार दिवस पुरतात, ताकद तिथे लावा. ज्याला वीस दिवस लागतात त्याच्याशी पाच दिवसांसाठी वाद घालण्यात संबंध खर्च होतात, रोख वाढत नाही.

हा तक्ता भरताना करारातले दिवस लिहू नका. गेल्या सहा बिलांची पोच आणि पैसे जमा झाल्याची तारीख काढा आणि त्यातला सगळ्यात वाईट आकडा धरा. पगाराचं नियोजन सरासरीवर केलं की सहापैकी दोन-तीन महिने फसतात.

बिल जायलाच उशीर: सगळ्यात जास्त दिवस इथे सांडतात

४५ दिवस कधीपासून मोजायचे? बऱ्याच कंपन्यांच्या सिस्टिममध्ये ते बिलावरच्या तारखेपासून मोजले जात नाहीत. सर्व्हिस एंट्री (काम झाल्याची नोंद) होऊन बिल अकाउंट्सकडे नोंदलं गेलं की घड्याळ सुरू होतं. ३० एप्रिलच्या तारखेचं बिल १४ मेला नोंदलं गेलं तर तुमचे चौदा दिवस कोणाच्याही खाती न पडता गेले. आणि हे दिवस ग्राहकाच्या परवानगीशिवाय परत मिळवता येतात. म्हणून दुरुस्ती इथूनच सुरू करावी.

पहिला अडथळा मस्टरचा, म्हणजे हजेरीपत्रकाचा. महिना संपतो, सुपरवायझर २-३ तारखेला हजेरी गोळा करतो, ग्राहकाचा ॲडमिन अधिकारी गेटच्या पंचिंगशी ताडून बघतो, दोन-चार ड्युट्यांचा फरक निघतो, सही लांबते. उपाय: बिलाची हजेरी २६ ते २५ धरा. २५ला संध्याकाळी शीट बंद, २८पर्यंत सही, १ तारखेला बिल हातात. पगाराचा महिना मात्र १ ते ३०च ठेवा. पगाराची मुदत वेतनाचा कालावधी संपल्यापासून मोजली जाऊ शकते; नोव्हेंबर २०२५पूर्वीच्या कायद्यात ती तशीच मोजली जायची. पगारालाही २६ ते २५ लावलं तर मुदत पुढच्या महिन्याच्या २ तारखेवर येऊन बसू शकते. दोन चक्रं वेगळी चालवायची म्हणजे दर महिन्याला पाच-सहा दिवसांचा ताळमेळ घालावा लागतो आणि पहिलं बिल २५ दिवसांचंच निघतं. तो त्रास पत्करण्यासारखा आहे.

रोजचा फरक रोज मिटवण्याची सोपी रीत: सुपरवायझरने दर शनिवारी आठवड्याच्या ड्युट्यांचा एकच आकडा ॲडमिनला मेल करायचा. "साइट अ, १ ते ६, मंजूर ६००, हजर ५९१, गैरहजर ९, बदली ४." उत्तर आलं नाही तरी मेल राहते. महिनाअखेरीस वाद झालाच तर शेवटच्या आठवड्यापुरता होतो.

दुसरा अडथळा चलनांचा, आणि हा फार जणांच्या लक्षात येत नाही. ग्राहकाला बिलासोबत पीएफ-ईएसआयसीची चलनं हवी असतात, ते त्याचं बरोबरच आहे. प्रश्न कोणत्या महिन्याची एवढाच. एप्रिलच्या बिलाला एप्रिलचंच चलन मागितलं आणि तुम्ही ते १५ मेला भरलं, तर बिल १६ मेआधी जाऊच शकत नाही. करारातलं एक वाक्य बदलून घ्या: "बिलासोबत मागील महिन्याची चलनं जोडली जातील." ग्राहक तयार नसेल तर ईसीआर (पीएफचं मासिक ऑनलाइन विवरण) पगाराच्या दिवशीच अपलोड करून चलन ७ला भरा. पैसे आठ दिवस आधी जातात, पण बिल आठ दिवस आधी निघतं. तुमच्या तक्त्यात त्यामुळे एक ७ तारीख कमी होत असेल तर हा सौदा फायद्याचा आहे. होत नसेल तर करू नका. आणखी एक: ईसीआर सगळ्या साइट्सचा एकत्र असतो. ग्राहकाला त्याच्याच १०० माणसांची यादी यूएएन (पीएफ सदस्याचा) क्रमांक आणि रकमेसह वेगळी लागते. ती नसली की फाइल परत येते.

तिसरा अडथळा पीओ, म्हणजे ग्राहकाची खरेदी ऑर्डर. मुदत ३१ मार्चला संपली आणि नवा पीओ मे महिन्यात निघाला तर एप्रिलचं बिल कुणीही अडवलेलं नसताना अडकतं. उरलेली रक्कम आणि मुदत फेब्रुवारीतच तपासा. दिवाळीत किंवा ऑडिटच्या वेळी जादा माणसं घेतली असतील तर पीओतली रक्कम वर्षाअखेरीच्या आधीच संपते. जादा ड्युट्यांचं बिल नेहमी वेगळं काढा. पाच जादा माणसांच्या मंजुरीसाठी शंभर माणसांचं बिल थांबवणं परवडत नाही.

बाकी परत येण्याची कारणं किरकोळ आणि ठरलेली: पीओ क्रमांक चुकीचा, सॅक कोड (जीएसटीतला सेवेचा कोड) नाही, उलाढाल ५ कोटींवर असून ई-इन्व्हॉइसचा आयआरएन (नोंदणी क्रमांक) नाही, ग्राहकाच्या दुसऱ्याच राज्यातला जीएसटी क्रमांक. एकदा तपासणीचा कागद करून टेबलावर चिकटवा.

बिल पोचलं की तारखेचा शिक्का किंवा पोचीची मेल घ्याच. एमएसएमई कायद्याखाली लेखी करार असला तरी सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. ग्राहकाने १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर सेवा दिली त्याच दिवशी ती स्वीकारली असं मानलं जातं. त्यासाठीची उद्यम नोंदणी मोफत आहे. करार होण्याआधी ती करून क्रमांक बिलावर छापा. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ व्याज मागता येतं. खरा दबाव मात्र आयकराचा आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून ग्राहकाने सूक्ष्म-लघु पुरवठादाराचं बिल मुदतीत दिलं नाही, तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत त्याला तो खर्च वजावटीला मिळत नाही. म्हणून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात उद्यम प्रमाणपत्र आणि थकीत बिलांची यादी ग्राहकाच्या फायनान्स विभागाला पाठवा, खरेदी विभागाला नव्हे. सरकारच्या समाधान पोर्टलवर तक्रार करण्याचा रस्ता आहे, पण तो कंत्राट सोडायची तयारी असेल तेव्हाचा.

जीएसटी आधी भरला जातो, पैसे नंतर येतात

बिलावर ३० एप्रिल तारीख टाकली तर ३.७५ लाख जीएसटी २० मेला जातो. तेच बिल २ मेच्या तारखेचं असेल तर २० जूनला. दोन दिवसांच्या फरकाने एक महिना मिळतो. करारात बिलाची तारीख वेगळी ठरवलेली नसेल तर महिन्याचं काम संपल्यावर ३० दिवसांत बिल काढता येतं, त्यामुळे यात काही गैर नाही. तरी करारातलं पैसे देण्याचं कलम सीएला एकदा दाखवा. मार्चमध्ये मात्र ग्राहक ३१ तारखेचंच बिल मागतो, तेव्हा एप्रिलच्या २० तारखेची सोय आधीच करून ठेवावी.

याची दुसरी बाजू: काही ग्राहक त्यांच्या २बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या त्यांच्या खरेदी बिलांच्या यादीत) बिल दिसेपर्यंत जीएसटीची रक्कम रोखतात. मेच्या तारखेचं बिल ११ जूनला तुमच्या जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) गेलं की १४ जूनला त्यांना दिसतं. ४५ दिवसांच्या मुदतीत ते बसतं. ३० दिवसांच्या मुदतीत पैसे देणारा ग्राहक असेल तर जीएसटी अडकू शकतो. तेव्हा ग्राहकागणिक ठरवा, सगळ्यांना एक नियम लावू नका.

२० तारखेला पूर्ण रक्कम जमत नसेल तर जेवढी आहे तेवढी मुदतीत इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खात्यात) भरून ठेवा आणि तिथून हलवू नका. २०२४ मध्ये नियम बदलल्यापासून, मुदतीपूर्वी लेजरमध्ये असलेल्या आणि नंतर त्या करासाठीच वापरलेल्या रकमेवर १८ टक्के व्याज लागत नाही. उरलेल्या रकमेवर लागतंच.

सोबत सुरक्षा रक्षकही पुरवत असाल तर एवढं बघा: संस्था मालकीची किंवा भागीदारीची असेल आणि ग्राहक जीएसटीत नियमित नोंदणीकृत असेल, तर १ जानेवारी २०१९ पासून रक्षकांवरचा कर रिव्हर्स चार्जने ग्राहकच भरतो. अशा बिलावर चुकून जीएसटी लावला की बिल हमखास परत येतं.

टीडीएस: सर्व्हिस चार्जचा चौथा हिस्सा आधीच गेलेला

४१,६३८ रुपये २०.८२ लाखांच्या मानाने किरकोळ वाटतात. पण तुमची कमाई दीड लाख सर्व्हिस चार्ज आहे, आणि त्याचे हे २७ टक्के होतात. ऑफिसचा खर्च जाऊन महिन्याला ६०,००० निव्वळ उरत असतील तर २५.१७ टक्क्यांनी कर होतो सुमारे १५,१००. म्हणजे दर महिन्याला साडेसव्वीस हजार जास्तीचे कापले जातात, वर्षाला तीन लाखांच्या वर, आणि ते परतावा येईपर्यंत अडकून राहतात. यावर उपाय कमी दराने टीडीएस कापण्याच्या प्रमाणपत्राचा आहे. मागच्या वर्षांची विवरणपत्रं आणि चालू वर्षाचा अंदाज देऊन आयकर खात्याकडे ऑनलाइन अर्ज करावा लागतो, आणि आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला केला तर पूर्ण वर्षाचा फायदा मिळतो. ही गोष्ट पुष्कळ छोट्या कंपन्या करतच नाहीत, आणि वाईट वाटतं ते याचंच, कारण हे पैसे कुणाशीही न भांडता मिळणारे आहेत.

आता मघाचा आकडा. खात्यात २४,१५,००४ ऐवजी २४,०७,५०९ जमा झाले तर ७,४९५ चा फरक आहे. याचा अर्थ टीडीएस जीएसटीसकट रकमेवर कापला. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापायचा असतो. प्रत्येक जमा रकमेचा असा मेळ त्याच दिवशी घाला. फरक यातला नसेल तर तो बहुधा गैरहजेरीचा किंवा दंडाचा डेबिट असतो. तो मान्य असेल तर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढा, नाहीतर न मिळालेल्या पैशांवरही जीएसटी तुमच्याच खिशातून गेलेला राहतो. पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरनंतर तो क्रेडिट नोटने सोडवता येत नाही.

खात्यात उरलेले तीन लाख कुणाचे?

कंत्राट रुळलं की प्रत्येक बिलामागे २४.१५ लाख येतात. पगार, चलनं, व्यवसाय कर, साहित्य, जीएसटी गेल्यावर जवळपास ३ लाख उरतात. मालकाला वाटतं धंदा चांगला चाललाय. पण त्यातले १.१७ लाख बोनसचे आणि ७० हजार रजेचे आहेत. हे १.८७ लाख कामगारांचे पैसे आहेत, ते तुमच्याकडे फक्त थांबलेत. तुमचे सव्वा लाखही नाहीत, १.१३ लाख आहेत, आणि त्यातून ऑफिस चालवायचं.

हे पैसे पुढच्या ७ तारखेला वापरले जातात आणि दिवाळीला १४ लाख बोनस एकरकमी उभा राहतो. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये जे संकट येतं ते असं वर्षभर साठवलेलं असतं. दोनच रस्ते: ज्या दिवशी बिलाचे पैसे येतील त्याच दिवशी माणशी १,८६६ वेगळ्या खात्यात टाकायचे, आणि त्या खात्याचं चेकबुक किंवा नेटबँकिंग रोजच्या व्यवहारात ठेवायचं नाही. किंवा करारात बोनस-रजा मासिक दरातून काढून "प्रत्यक्ष दिल्यावर वेगळं बिल" असं लिहून घ्यायचं. दुसरा रस्ता कागदावर स्वच्छ दिसतो, पण दिवाळीत १४ लाख आधी तुम्हीच घालता आणि ४५ दिवसांनी मिळवता. कंपनीकडे तेवढी शिल्लक नसेल तर पहिलाच बरा.

जिथे महसूलच कमी लागतो

सगळा दोष उशिराचा नसतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. पगार त्या तारखेपासून वाढवावा लागतो, ग्राहकाचा पीओ मात्र जुन्याच दराचा. "शासनाने जाहीर केलेला बदल लागू तारखेपासून दरात आपोआप मिळवला जाईल" हे कलम नसेल तर प्रत्येक वाढ सर्व्हिस चार्जमधून जाते. फरकाचं बिल वेगळं काढा आणि मुख्य बिल जुन्या दरानेच वेळेवर जाऊ द्या.

साप्ताहिक सुट्टीचाही हिशेब तपासा. सातही दिवस चालणाऱ्या १०० जागांना १०० माणसं पुरत नाहीत, सात भागिले सहा या हिशेबाने ११७ लागतात. दर काढताना बदली कामगार धरला नसेल तर ते कंत्राट पहिल्या दिवसापासून तोट्यात आहे, आणि कितीही लवकर पैसे आले तरी ते सावरणार नाही.

टाकी धुणं, काचा पुसणं, डीप क्लीनिंग अशी सुटी कामं ५० टक्के आगाऊ घेऊन करा. छोट्या कामातला हा रोख पैसा ७ तारखेला फार उपयोगी पडतो. सेवेच्या आगाऊ रकमेवर मात्र ती मिळाल्याच्या महिन्यातच जीएसटी लागतो, सगळी रक्कम खर्चून बसू नका.

बाहेरचा पैसा घ्यायचाच तर

वरचं सगळं केल्यावरही एक-दीड पगाराची पोकळी उरते, ती उसनवारीने भरून निघत नाही. बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट घ्या. ५ कोटींपर्यंतच्या मर्यादेसाठी बँका अपेक्षित उलाढालीच्या २० टक्के धरतात. वर्षाला अडीच कोटींच्या या कंत्राटाला ५० लाख बसतात. तारण नसेल तर सीजीटीएमएसई या सरकारी कर्जहमी योजनेबद्दल विचारा. ९० दिवसांपलीकडची येणी सहसा ड्रॉइंग पॉवरमध्ये (लिमिटमधून प्रत्यक्ष उचलता येणाऱ्या रकमेत) धरली जात नाहीत, म्हणजे जुनी थकबाकी दोनदा मारते: पैसे येत नाहीत आणि लिमिटही आकसते. ३४.६० लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज महिन्याला ३४,६०० होतं, सर्व्हिस चार्जच्या पाचव्या हिश्शाहून जास्त. हा आकडा दर काढतानाच धरलेला असला पाहिजे.

ग्राहक कंपनीची उलाढाल २५० कोटींवर असेल तर तिला ट्रेड्स या बिलांवर बँकांकडून लवकर पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर नोंदणी बंधनकारक आहे. आरएक्सआयएल, एमवन एक्स्चेंज, इन्व्हॉइसमार्ट यांपैकी ती कुठे आहे ते विचारा. ग्राहकाने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, पैसे लवकर मिळतात आणि पुढे ग्राहकाने चुकवलं तरी बँक तुमच्याकडे येत नाही. पण बिल मान्य होण्याची अट तिथेही आहेच, म्हणजे मस्टर आणि चलनांचं काम टळत नाही.

आणि या महिन्याचं काय?

आज ३ तारीख आहे आणि चार लाख कमी पडतायत असं समजा. सगळ्यात आधी, नोंदलेलं बिल असलेल्या ग्राहकाकडे वेतनापुरती आगाऊ रक्कम लेखी मागा. कंत्राटदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाला तो द्यावा लागतो, हे कायद्यातच आहे. म्हणून एचआर विभाग अशी विनंती अकाउंट्सपेक्षा लवकर समजून घेतो. विनंतीत बिल क्रमांक, माणसांची संख्या आणि निव्वळ पगाराचा आकडा द्या. एकदा हे जमलं की पुढच्या करारात बिलाचे दोन भाग मागा: वेतन आणि वैधानिक रक्कम सात दिवसांत, सर्व्हिस चार्ज आणि बाकीचं ४५ दिवसांत. मोठ्या ग्राहकांपैकी काही जण याला तयार होतात, कारण वेळेवर पगार झाला की त्यांच्या साइटवर गैरहजेरी कमी होते.

पैसे पुरत नसतील तर क्रम असा: पगार, मग पीएफ-ईएसआयसी, मग जीएसटी, मग साहित्यवाल्यांची देणी. साहित्यवाल्याला फोन करून तारीख देता येते. कामगाराच्या पगारातून कापलेला पीएफ मात्र कधीही फिरवायला वापरू नका. उशिराला वार्षिक १२ टक्के व्याज, वर महिना १ टक्का दंड आहे, आणि कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे.

७ला पगार होणारच नसेल तर ते ५ला सांगा. सुपरवायझरच्या तोंडी निरोपावर सोडू नका. प्रत्येक साइटवर एक कागद लावा, त्यावर तारीख लिहा, आणि अशीच तारीख लिहा जी बँकेतल्या पैशांवर पाळता येईल, ग्राहकाच्या आश्वासनावर नाही. ज्यांना थांबणं शक्यच नाही त्यांना त्याच दिवशी दोन-तीन हजारांची उचल द्या आणि ती पगारपत्रकात नोंदवा.